परक्या चुलीवर घेवड्याची आमटी

१८८३ साली अवघ्या अठराव्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी मानीत. आपला शाकाहार सांभाळून त्यांनी त्या घराला महाराष्ट्रीय जेवण रांधून वाढले. पुढे फिलाडेल्फियात थंडी आणि आहाराची आबाळ यांनी त्यांची प्रकृती ढासळली. पदवी घेऊन त्या परतल्या खऱ्या, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. परदेशात घरचे अन्न ही केवळ हौस नसते, हे त्यांच्या चरित्रावरून उमगते.

आज सातारा-सांगलीकडची नातवंडे परदेशी कुटुंबांत राहून शिकतात. आजी-आजोबाही मुलांकडे जाऊन राहतात. यजमानांना एक दिवस आपल्याकडचे जेवू घालावे, असे दोघांनाही वाटते. त्यासाठी कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी यांहून साजेसा बेत कोणता? अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या या घेवड्याला आणि सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु रांधण्यापूर्वी काही गोष्टींचे भान हवे.

पहिली गोष्ट सामानाची. अनेक देशांत दुधाचे पदार्थ, कडधान्ये व बियाणे नेण्यावर निर्बंध असतात. कंदी पेढे असोत वा घेवडा, नियम आधी पाहावेत आणि विमानतळावर सारे जाहीर करावे. घेवडा नेता न आल्यास तेथे मिळणारा राजमा चालतो.

दुसरी गोष्ट यजमानांना विचारण्याची. आपल्या भागात शेंगदाण्याचा कूट इतक्या पदार्थांत पडतो, की तो सांगण्याचेही आपल्या ध्यानात राहत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यास मात्र त्याचा अंशही जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात कोणाला काय वर्ज्य आहे, हे आदल्या दिवशीच विचारावे. शेंगदाणा वर्ज्य असल्यास कूट, शेंगदाणा तेल आणि कुटाचा हात लागलेला मसाला हे तिन्ही टाळून ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याचे वाटण घ्यावे. खोबरे चालते का, हेही विचारावे. ज्वारीत ग्लुटेन नसते. परंतु बाजारातील हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गहू वर्ज्य असलेल्यांसाठी हिंग गाळावा.

तिसरी गोष्ट शिजवण्याची. घेवडा आणि राजमा यांच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेल्यास काही तासांतच मळमळ, उलट्या व जुलाब होतात. घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा. प्रेशर कुकर असेल तर उत्तमच. परदेशी घरांत मंद आचेचा विजेचा कुकर सर्रास असतो. त्यात कच्चा घेवडा थेट शिजत टाकू नये. तेवढ्या उष्णतेने लेक्टिन नष्ट होत नाही. आधी उकळून घेतलेला घेवडा मात्र त्यात ठेवता येतो.

चौघांसाठी एक वाटी घेवडा पुरतो. तेलात कांदा व लसूण परतून खोबऱ्याचे वाटण, हळद आणि बेताचा कांदा-लसूण मसाला घालावा, मग शिजलेला घेवडा घालून उकळी आणावी. तिखट वेगळे वाढावे. ज्वारीचे पीठ जुने असल्यास भाकरी थापताना चिरते. ते उकळत्या पाण्यात भिजवून मळावे.

घरातील वृद्धांसाठीही सूचना आहे. तयार मसाल्यात मीठ असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी वरून मीठ घालताना हात आखडता घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास घेवडा खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आणि नात दूरदेशी रांधायला उभी राहून फोनवर कृती विचारील, तेव्हा आजींनी 'अंदाजाने घाल' एवढेच सांगून थांबू नये. आपली एक मूठ वाटीत व एक चिमूट चमच्यात मोजून वहीत उतरवून ठेवावी. हात थरथरत असेल तर लिहिण्याचे काम घरातील कोणी करावे. मोजण्याचे मात्र आजींनीच करावे.