एर्गा काइ हेमेराइ

एर्गा काइ हेमेराइ : (कामे आणि दिवस). हीसिअड या प्राचीन ग्रीक कवीचे बोधपर काव्य. रचनाकाल इ. स. पू. सु. ७००. हेक्झॅमीटर या सहा गणांच्या वृत्तात रचिलेल्या ह्या काव्याच्या ८२८ ओळी उपलब्ध आहेत. होमरच्या महाकाव्यांत योद्ध्यांचे पराक्रम वर्णिले आहेत. प्रस्तुत काव्याच्या केंद्रस्थानी मात्र स्वतःच्या शेतात राबणारा शेतकरी आहे. श्रम, न्याय आणि दैनंदिन व्यवहार यांविषयीच्या ग्रीक विचाराचा हा सर्वांत जुना विस्तृत आविष्कार होय.

हीसिअडने काव्यात स्वतःविषयी काही माहिती दिली आहे. त्याचा पिता आशिया मायनरमधील किमी येथील. दारिद्र्याला कंटाळून तो समुद्रमार्गे ग्रीसमध्ये आला आणि बिओशिया प्रदेशात हेलिकॉन पर्वतानजीकच्या ॲस्क्रा ह्या खेड्यात स्थायिक झाला. पित्याच्या मालमत्तेची वाटणी झाल्यावर पर्सीझ ह्या भावाने लाचखाऊ अधिपतींना हाताशी धरून अधिक वाटा बळकावला, अशी कवीची तक्रार आहे. सर्व उपदेश ह्या भावाला उद्देशून केलेला आहे. पर्सीझ हे पात्र काल्पनिक असावे, असेही काही अभ्यासक मानतात. तथापि काव्यातील युक्तिवाद ह्या वादाभोवतीच गुंफलेला आहे. संपत्ती दोन मार्गांनी मिळते : दुसऱ्याची हिरावून किंवा स्वतः श्रम करून. पहिला मार्ग टिकाऊ नाही आणि दुसऱ्याला पर्याय नाही, हे हीसिअडचे मुख्य प्रतिपादन आहे.

ह्या प्रतिपादनासाठी त्याने पुराणकथांचा आधार घेतला आहे. कलहाची देवता एरिस ही एकच, असे त्याच्या थिऑगनी ह्या काव्यात दिसते. येथे मात्र तो दोन एरिस मानतो. एक युद्धे व तंटे माजविते, तर दुसरी शेजाऱ्याची भरभराट पाहून आळशी माणसालाही कामाला लावते. माणसाला कष्ट का करावे लागतात, ह्याचे उत्तर प्रॉमीथिअस व पँडोरा यांच्या कथेत आहे. पँडोराने रांजणाचे झाकण काढताच सर्व दुःखे जगभर पसरली आणि आशा तेवढी आत राहिली. ‘पँडोराची पेटी’ हा रूढ शब्दप्रयोग सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये केलेल्या शब्दबदलातून आला. मूळ काव्यात रांजणच आहे. पुढे सुवर्ण, रौप्य, कांस्य, वीर आणि लोह अशा पाच मानववंशांचे वर्णन येते. कवी स्वतःला शेवटच्या, कष्टमय वंशात गणतो. नाइटिंगेल पक्ष्याला नखांत धरून बलाची मातब्बरी सांगणाऱ्या ससाण्याची कथा त्याने अधिपतींना ऐकविली आहे. बळी तो कान पिळी हा नियम पशुपक्ष्यांचा असून मानवाला झ्यूसने न्याय दिला आहे, असे तो बजावतो. न्यायदेवता डीके ही झ्यूसची कन्या असून अन्याय करणाऱ्या नगरीला दुष्काळ व रोगराई भोगावी लागते, असे त्याचे म्हणणे आहे.

काव्यातील ‘अरेटी’ ही संज्ञा महत्त्वाची आहे. होमरमध्ये तिचा रोख मुख्यतः रणांगणावरील श्रेष्ठत्वाकडे आहे. हीसिअड तिची सांगड घामाशी घालतो : तिच्याकडे जाणारी वाट आरंभी चढणीची व खडतर, माथ्यावर पोहोचल्यावर सुकर. येथे अरेटी म्हणजे नैतिक सद्‌गुण की समृद्धी व प्रतिष्ठा, ह्याविषयी मतभेद आहेत. मात्र हीसिअडच्या लेखी ह्या दोन गोष्टी परस्परांपासून फारशा वेगळ्या नव्हत्या. श्रमात लाज नसून आळसात लाज आहे, ही त्याची भूमिका आहे.

काव्याच्या दुसऱ्या भागात शेतीचे वर्षचक्र आहे. ग्रीसमध्ये पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडत असल्याने तेथे धान्याची पेरणी शरद ऋतूच्या अखेरीस आणि कापणी उन्हाळ्याच्या आरंभी होते. पंचांगे प्रत्येक नगरीची वेगळी असल्याने तारे हीच शेतकऱ्याची खात्रीची खूण होती. कृत्तिका चाळीस दिवस अदृश्य राहून पहाटे पुन्हा उगवू लागल्या की कापणी आणि त्या पहाटे मावळू लागल्या की नांगरणी करावी. मृग व व्याध आकाशाच्या मध्यावर आले आणि पहाटे स्वाती दिसू लागली की द्राक्षे तोडावीत. क्रौंचांचा आवाज नांगरणीची सूचना देतो. गोगलगाय रोपावर चढू लागली की विळ्यांना धार लावावी. नांगर दोन बाळगावेत, इसाडाला लॉरेल किंवा एल्मचे लाकूड घ्यावे, बैल नऊ वर्षांचे असावेत. पेरलेले बी पाखरांनी टिपू नये म्हणून मागून येणाऱ्या दासाने ते कुदळीने मातीआड करावे, इतका तपशील त्यात आहे. शेजाऱ्याकडून उसने घेतलेले त्याच मापाने, शक्य तर अधिक भरून परत करावे. भावाशी व्यवहार करतानाही साक्षीदार ठेवावा. हिवाळ्यात लोहाराच्या भट्टीजवळील गप्पांत वेळ दवडू नये, असे व्यवहारनियमही आढळतात. अखेरच्या भागात महिन्यातील शुभाशुभ दिवस सांगितले आहेत. हा भाग हीसिअडचाच आहे की नाही, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे.

ह्या श्रमनीतीला मर्यादाही आहेत. ती बैल, दास आणि मोलकरी बाळगणाऱ्या जमीनमालकाची नीती आहे. दासांच्या कष्टांतून त्यांना स्वतःला अरेटी प्राप्त होते, असे कवी कोठेही म्हणत नाही. स्त्रियांविषयी तो सतत अविश्वास दाखवितो.

सुमेरियन व ईजिप्शियन उपदेशपर वाङ्‌मयाशी ह्या काव्याचे साम्य आढळते. अभिजात ग्रीसमध्ये त्यातील वचने सर्वतोमुखी होती आणि त्यांच्या अर्थावरून वादही होत. श्रमात लाज नाही ह्या वचनाचा आधार घेऊन सॉक्रेटीस लाभासाठी कोणतेही, अगदी निंद्य कामही करण्यास शिकवितो, असा आरोप झाला होता. सॉक्रेटीसला केवळ सत्कृत्य अभिप्रेत होते, असे उत्तर झेनोफनने मेमोराबिलिआमध्ये दिले. उलट, आदर्श राज्याच्या नागरिकांनी कारागिरी, व्यापार वा शेतीही करू नये, कारण सद्‌गुणांच्या जोपासनेला फुरसत लागते, असे ॲरिस्टॉटलने पॉलिटिक्समध्ये प्रतिपादिले. श्रमातून श्रेष्ठत्व की श्रमापासून मुक्ततेतून, हा प्रश्न अशा रीतीने ग्रीक विचारातच दोन्ही बाजूंनी मांडला गेला. रोमन कवी व्हर्जिल याने जॉर्जिक्स ह्या कृषिकाव्यात स्वतःच्या गायनाला ॲस्क्राचे गान म्हणून हीसिअडचे ऋण मान्य केले आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याला हेलिकॉन परिसरातील लोकांनी झऱ्याजवळ शिशाच्या पत्र्यावर कोरलेले हे काव्य दाखविले होते. पत्रा काळाच्या ओघात झिजलेला होता. मात्र हीसिअडचे अस्सल काव्य हे एकच, असे ते लोक मानीत.