तहानेने राखलेलं धान्य

डोलवीहून एका वाचकभगिनींनी विचारलं आहे : 'युरोपातल्या लोकांना संकटकाळासाठी तीन दिवसांचं अन्नपाणी घरात ठेवायला सांगितलं, असं वाचलं. ऑनलाइन तर पंचवीस वर्षं टिकणाऱ्या अन्नाचे डबे विकत मिळतात. आपण घरात काय ठेवावं आणि आपल्या दमट हवेत ते टिकवावं कसं?'

बातमी खरी आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने नागरिकांना ७२ तास पुरेल इतका साठा घरात ठेवण्याचं आवाहन केलं. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनने अशीच सूचना देणारी पुस्तिका घरोघर पाठवली होती. पण रायगडच्या माणसाला हा प्रश्न युरोपातून आयात करायची गरज नाही. डोलवी धरमतर खाडीच्या काठावर आहे, आणि या खाडीला मिळणाऱ्या अंबा नदीने जुलै १९८९ मध्ये वरच्या अंगाला जांभूळपाडा उद्ध्वस्त केलेलं आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा टाळेबंदी चालूच होती. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांनी त्यापुढचे आठवडे अंधारात काढले. खारेपाटात उधाणाच्या भरतीला बंदिस्तीला खांडी गेल्या की रस्ता कधी मोकळा होईल, ते समुद्रच ठरवतो. ७२ तासांचा हिशोब इथे अपुरा आहे. एका पंधरवड्याची तयारी हवी.

खरं तर इथल्या घरांची तयारी चार महिन्यांची असायची. मृग लागण्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, कामं उरकायची म्हणजे उरकायचीच. कणगीत भात, डब्यात कडवे वाल, वाशाला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, बरणीत मीठ आणि आमसुलं, वर्षाचा मसाला, पेणचे पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंडं; आणि घट्ट झाकणाच्या डब्यांत जवळा, सोडे, वाकट्या, बोंबील. ताज्या बोंबलात पाण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. असला नाजूक मासा वलांडीवर उन्हावाऱ्यात टांगून काटकीसारखा वाळवायचा आणि श्रावणापर्यंत पुरवायचा, ही सामान्य कामगिरी नाही. या यादीतल्या बहुतेक पदार्थांमागे एकच सूत्र आहे : पाणी काढून घ्या, किंवा असलेलं पाणी कुणाला पिता येणार नाही असं करा.

या सूत्राचा दुसरा भाग मला फार आवडतो, आणि तो समजून घ्यायला खारेपाटासारखी जागा नाही. इथे चहूकडे पाणी : खाडीत, खाजणात, पावसाळ्यात अंगणापर्यंत. तरीही पिण्याच्या हंडाभर पाण्यासाठी इथल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या पायपीट केली, टँकरची वाट पाहिली. पाणी आहे, पण मिठाने ते बांधून ठेवलं आहे. लोणच्याच्या बरणीत पडलेल्या जिवाणूची गत नेमकी हीच होते. भोवती ओलावा असतो, पण मिठाने तो असा धरून ठेवलेला असतो की जिवाणूला तो ओढून घेता येत नाही. उलट त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर जातं. मोरांब्यात हेच काम साखर करते. म्हणून पदार्थात पाणी किती, यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, हे महत्त्वाचं. या मोकळेपणाच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, पूर्ण कोरड्या पदार्थाची ०.

हे माप अन्नाच्या अभ्यासात रुजवलं ते विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने. पाश्चरचं नाव दुधाच्या पिशवीवर पोचलं. स्कॉटचं नाव पाठ्यपुस्तकातसुद्धा क्वचित दिसतं, याची मला मनापासून हळहळ वाटते. १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचं गोमांस थंड करून जहाजाने ब्रिटनला जाई, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात त्यावर जिवाणूंचा थर चढे. मांसाचा पृष्ठभाग किती सुकला तर ही वाढ किती मंदावते, हे स्कॉटने मोजायला घेतलं. १९३६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे १९५३ मध्ये त्याने अन्नातून विषबाधा करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर काम केलं आणि दाखवून दिलं की पदार्थ कोणताही असो, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.८६ च्या खाली गेली की हा जिवाणू वाढत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये डबाबंद पदार्थांच्या नियमांत ०.८५ ही रेघ ओढली, ती याच कामाच्या आधारावर. बहुतेक बुरशा ०.८० च्या खाली थांबतात, आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. टिकाऊ अन्नाचं सगळं शास्त्र या चार-पाच आकड्यांत मावतं.

आता आपल्या दमट हवेचा प्रश्न. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. उघडा ठेवलेला कोरडा पदार्थ हवेतला ओलावा ओढत राहतो आणि हवेच्या पातळीला येऊन थांबतो. म्हणजे त्याची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी हळूहळू ०.८५ कडे सरकते. मे महिन्यात खडखडीत वाळवलेल्या डाळीला श्रावणात बुरशी लागते, ती यामुळे. वाळवणं हे अर्धंच काम. झाकण हे उरलेलं अर्धं.

धान्य पुरेसं वाळलंय की नाही, हे ओळखायचं उपकरण पेण तालुक्याच्या मिठागरांनी कधीच घरोघर पोचवलं आहे. शुद्ध मिठाचा एक गुण अचूक आहे : हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरायला लागतं. त्याखाली ते कोरडं राहतं. मिठागरावरच्या खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. मीठ राशीला लावून निथळू देतात तेव्हा हेच कडवट पाणी निघून जात असतं. बारीक शुद्ध मीठ मात्र ७५ ची रेघ नेमकी पाळतं. गंमत अशी की तांदळात १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असेल, तर त्याच्या दाण्यांमधली हवाही साधारण याच आर्द्रतेला असते. म्हणजे मीठ ओलं होतं तो उंबरठा आणि धान्य धोक्यात येतं तो उंबरठा जवळजवळ एकच.

यावरून कृषी विस्तारकार्यात वापरतात ती परीक्षा घरी सहज करता येते. काचेची स्वच्छ, पूर्ण कोरडी बाटली घ्या. मीठ तव्यावर थोडं गरम करून कोरडं करा आणि गार होऊ द्या. बाटलीत दोन-तीन चमचे मीठ घाला, बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके तांदूळ घाला, बूच घट्ट लावून काही मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं बाटली स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर तांदळात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, अजून उन्हं द्यायला हवीत. मीठ सुटं होऊन तळाला बसलं तर तांदूळ डब्यात भरायला हरकत नाही. मात्र उन्हातून आणलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. गरम भरलं तर झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

राहिली कीड. सोंडे आणि भुंगेरे बुरशीपेक्षा चिवट. ते कोरड्या धान्यातही तग धरतात, पण त्यांचाही शेवट तहानेनेच होतो. कडधान्य राखेत घोळून ठेवायची जुनी पद्धत घ्या. कीटकाच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, तो अंगातलं पाणी आत राखतो. कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की कोरड्या, खरखरीत भुकटीवरून सरपटताना हा थर खरवडला जातो आणि कीटक वाळून मरतो. राखही तशीच कोरडी भुकटी.

हवाबंद डब्यात कीड का मरते, याचं उत्तर मात्र त्याहून अनपेक्षित आहे. गुदमरून मरत असेल असं आपण धरून चालतो. पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी चवळी साठवायच्या हवाबंद पिशव्यांवर काम करत होते. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये लिहिलं की कोरड्या दाण्यातल्या भुंगेऱ्याला प्यायला पाणी नसतं, तो अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून शरीरातच पाणी तयार करतो. डबा बंद असला की आतला प्राणवायू किडीच्याच श्वसनाने संपत जातो, पाणी बनणं थांबतं, आणि कीड तहानेने मरते. म्हणून डबा काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते. एका मोठ्या पिंपापेक्षा लहान डबे बरे, एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. आणि कणगीत तांदळाऐवजी भात ठेवण्यामागे उत्तम कारण होतं : सिलिकाने टणक झालेलं तूस दाण्याभोवती असेपर्यंत सोंड्याला आत शिरायला सहजासहजी वाट मिळत नाही.

सगळंच हवाबंद करून चालत नाही. कांदा-लसूण जिवंत असतात, श्वास घेतात. त्यांना वारा लागतो, म्हणून माळा वाशाला टांगायच्या. तेलाचं शत्रुत्व प्राणवायू आणि उजेडाशी. ते अंधाऱ्या जागी ठेवावं आणि वर्षभराचं भरून ठेवू नये, खवट होतं. ओलसर किंवा शिजवलेले पदार्थ घरच्या घरी निर्वात पिशवीत भरून बाहेर ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे, कारण बोट्युलिझमच्या जिवाणूला प्राणवायू नसलेली ओली जागाच हवी असते.

दोन इशारे मी हात जोडून देतो. पहिला विषाचा. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि घरात झोपलेल्या माणसांचे त्याने जीव घेतलेले आहेत. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवयही सोडा, ती खाण्याची वस्तू नव्हे. दुसरा इशारा बुरशीचा. पुरात भिजलेल्या किंवा दमट राहून बुरशी आलेल्या धान्याला ऊन दाखवलं की बुरशी दिसेनाशी होते, पण अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष मागे राहतं आणि शिजवूनही जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या आजाराने दगावली. त्यातली बहुतेक आदिवासी गरिबांच्या घरची होती, टाकून द्यायला त्यांच्याकडे दुसरं धान्यच नव्हतं. म्हणून साठा जमिनीपासून उंच, पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर ठेवायचा.

आता हिशोब. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी २१ किलो तांदूळ, ६ किलो डाळी आणि कडधान्यं, २ लिटर तेल, ३ किलो पोहे आणि २ किलो गूळ एवढ्यात ही गरज भागते. त्यात पोह्यांना मान मोठा. कांडतानाच्या भिजवण्या-भाजण्यात त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, त्यामुळे गॅस संपला तरी पाण्यात भिजवून पोट भरतं. मीठ, मसाला, आमसुलं, सुकी मासळी घरच्या चवीप्रमाणे. पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी माणशी रोज ३ लिटर पाणी, म्हणजे चौघांना निदान तीन दिवसांचं ३६ लिटर, झाकणाच्या कॅनमध्ये. लहान बाळ, मधुमेही किंवा पथ्याचं माणूस घरात असेल तर त्यांची सोय आणि औषधं वेगळी. पहिल्यांदाच करणाऱ्याने हे एका महिन्यात जमवायचा अट्टहास धरू नये. दर किराण्याला एक-दोन किलो जास्त आणलं तरी तीन-चार महिन्यांत साठा उभा राहतो.

पंचवीस वर्षांच्या डब्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : त्यांवर पैसे घालवू नका. गोठवून वाळवण्याचं तंत्र अस्सल आहे. अंतराळवीरांना आणि गिर्यारोहकांना त्याचा उपयोगही होतो. पण जे अन्न घरात कुणी कधी चाखलेलं नाही, ते संकटाच्या दिवशी मुलं आणि म्हातारी माणसं खातील याची खात्री कोण देणार? आगोटीचा साठा दर पावसाळ्यात खाऊन संपायचा आणि पुढच्या मे महिन्यात नवा भरला जायचा, त्यामुळे तो शिळा व्हायला वावच नव्हता. तुम्हीही तेच करा. डब्यावर भरल्याची तारीख लिहा, जुनं आधी वापरा, नवं मागे ठेवा. आणि घरात आगोट भरलेली आजी-काकी असतील तर यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी बसून त्यांची पद्धत वहीत उतरवून घ्या. हे ज्ञान कुठल्याही सरकारी पुस्तिकेत मिळणार नाही.