६५–७ : जॉर्जियाचा एकतर्फी विजय आणि १९८०च्या आठवणी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये अंतिम सामना इतका एकतर्फी याआधी कधीच झाला नव्हता. ९ जानेवारी २०२३ला लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये जॉर्जिया विद्यापीठाने टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला) ६५–७ असं लोळवलं. मध्यंतरालाच ३८–७! टीसीयू काही लेचापेचा संघ नव्हता बरं. उपांत्य फेरीत त्यांनी मिशिगनला ५१–४५ने हरवलं होतं.

माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत सुंदर क्षण चौथ्या क्वार्टरमधला. प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी मुद्दाम टाइमआउट घेतला, तो फक्त क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेटला टाळ्यांच्या गजरात मैदानाबाहेर येता यावं म्हणून. हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय संघात आला होता. त्या रात्री त्याने चार टचडाउन पास दिले आणि दोन टचडाउन स्वतः धावून केले.

अशा विजयानंतर जॉर्जियाचे जुने चाहते १९८०च्या विजेतेपदाच्या हंगामावर येतातच. फ्लोरिडाविरुद्ध हरत आलेला सामना बक बेलूच्या पासवर लिंडसे स्कॉटने ९३ यार्डांचा टचडाउन करून फिरवला. मग शुगर बोलमध्ये पहिल्याच वर्षाला असलेला हर्शेल वॉकर खांदा निखळूनही १५० यार्ड धावला आणि नोत्र दाम १७–१०ने हरलं. त्यानंतरचं विजेतेपद थेट २०२१च्या हंगामात! मधे २०१८च्या अंतिम सामन्यात अलाबामाने जादा वेळेत २६–२३ने तोंडचा घास काढून घेतला होता. त्या चाहत्यांनी ६५ गुणांचा एकेक गुण साजरा केला, आणि तो त्यांचा हक्कच होता.