अंध पियानोवादकाची तालीम

अंध मनुष्य चांगला गाऊं-वाजवूं लागला कीं, देवानें त्याचे डोळे घेतले पण कान दिले, असे उद्गार सहज निघतात. ते सहानुभूतीचे असतात यांत शंका नाहीं. परंतु त्यांत एक अन्यायहि दडलेला आहे. कला ही निव्वळ देणगीच असेल, तर शिकविण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाहीं. ज्या मुलांत ती देणगी दिसत नाहीं त्याला कोपऱ्यांत बसविलें जातें, आणि ज्याच्यांत दिसते त्याच्या हातीं टाळ देऊन समाधान मानलें जातें. वस्तुत: अंध वादक घडतो तो इतर कोणत्याहि वादकाप्रमाणेंच, म्हणजे गुरु, पद्धति आणि वर्षानुवर्षांची मेहनत यांच्या बळावर. निराळी असते ती केवळ विद्या आंत शिरण्याची वाट. ती वाट कशी असते, हें पियानोसारख्या कठीण वाद्याच्या उदाहरणावरून चांगलें समजतें.

पियानो हें नांव ऐकून बिचकण्याचें कारण नाहीं. महाडपासून पोलादपूरपर्यंत सावित्रीच्या खोऱ्यांत गांवोगांव भजनी मंडळें आहेत, आणि मंडळ म्हटलें कीं पेटी ही आलीच. त्या पेटीच्या पट्ट्यांची मांडणी आणि पियानोच्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे. पेटीवर सामान्यत: तीन-साडेतीन सप्तकें असतात, तर पियानोवर सातांहून कांहीं अधिक. त्याच्या एकंदर ८८ पट्ट्यांपैकीं ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या असतात. काळ्या पट्ट्या किंचित् उंच असून त्या दोन आणि तीन अशा गटांनीं येतात. हे गट हाच अंधाच्या बोटांचा नकाशा होय. दोहोंच्या गटाच्या लगत डावीकडे जी पांढरी पट्टी लागते ती नेहमीं पांढरी एक. तिहींच्या गटाच्या डावीकडची ती पांढरी चार. एवढी खूण बोटांत मुरली म्हणजे कोणताहि सूर न पाहतां सांपडतो. डोळस वादकहि द्रुत लयींत पट्टी-पट्टीकडे पाहत बसत नाहीं. त्याचाहि हात असाच सवयीनें चालतो.

मात्र पियानोची अवघड बाजू याच्या पुढें आहे. पेटीवर एक हात भात्यावर असतो आणि दुसरा सूर वाजवितो. पियानोवर दोन्ही हात स्वतंत्रपणें वाजतात आणि पाय खालच्या दांड्या सांभाळतात. पट्टीवर बोट किती जोरानें पडलें, यावर आवाजाचा लहानमोठेपणा अवलंबून असतो. शिवाय एकादा हात क्षणार्धांत दोन-दोन सप्तकें ओलांडून जातो. अशी उडी अचूक साधावयाची तर खांदा, कोपर आणि मनगट यांना अंतराची जाण यावी लागते. अंधारांत आपल्या घराचा जिना आपण चढतों, तेव्हां पायांना पायऱ्यांची जी जाण असते तिच्याच जातीची ही जाण आहे. ती मिळविण्याचा मार्ग एकच: तोच तुकडा प्रथम अगदीं सावकाश, मग थोड्या वेगानें, शेंकडों वेळां वाजविणें.

याहून मोठी अडचण कागदाची. आपली ख्यालगायकी गुरुमुखांतून शिकली जाते. म्हणून अंध शिष्याला तेथें आरंभीं तरी अडथळा कमी. पाश्चात्य अभिजात संगीतांत रचनाकारानें प्रत्येक सूर, त्याची लांबी आणि त्याचा जोर पांच रेघांच्या लिपींत लिहून ठेवलेला असतो. ती लिपि दिसत नसेल तर शिकावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर एका अंध वादकानेंच शोधलें. फ्रान्समधील लुई ब्रेल हा १८०९ सालीं जन्मला. बापाच्या खोगिरें शिवण्याच्या दुकानांत वयाच्या तिसऱ्या वर्षीं आरीनें त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढें दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेंत शिकून तो चर्चमध्यें ऑर्गन वाजवूं लागला. उठावाच्या सहा ठिपक्यांची आपली लिपि त्यानें १८२९ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां तींत अक्षरांबरोबर संगीताच्या खुणाहि होत्या. ही स्वरलिपि वाचण्याची रीत कष्टाची आहे. एका हातानें ठिपके चांचपावयाचे आणि दुसऱ्या हातानें वाजवावयाचें. मग हात बदलावयाचे. आणि दोन्ही भाग पाठ झाल्यावरच ते एकत्र करावयाचे. डोळस वादक पान समोर ठेवून वाजवूं शकतो. अंधाला मात्र संपूर्ण रचना मुखोद्गत असल्यावांचून वाजवितांच येत नाहीं.

या तालमीचें आजचें ठळक उदाहरण म्हणजे जपानचा नोबुयुकी त्सुजी. तो १९८८ सालीं टोकियो येथें जन्मला. तो जन्मांध आहे. दोन वर्षांचा असतांना आईनें गुणगुणलेली चाल त्यानें खेळण्यांतल्या पियानोवर काढली आणि चौथ्या वर्षीं त्याचें रीतसर शिक्षण सुरू झालें. आईबापांनीं केवळ कौतुक केलें नाहीं, तर तत्काळ शिक्षक पाहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तो ब्रेल स्वरलिपि वाचतो. परंतु नवीन रचना मुख्यत: कानानेंच शिकतो. त्याच्यासाठीं डाव्या हाताचा भाग निराळा आणि उजव्या हाताचा निराळा, असे लहान लहान तुकडे ध्वनिमुद्रित करून दिले जातात. ते ऐकून, एक-एक हात बसवून, तो मग रचना जुळवितो. १९९५ सालीं, सातव्या वर्षीं, त्यानें अंध विद्यार्थ्यांच्या स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळविलें. २००९ सालीं अमेरिकेंतील फोर्ट वर्थ येथें व्हॅन क्लायबर्न स्पर्धा झाली. ती अंधांसाठीं निराळी ठेवलेली स्पर्धा नव्हती. तींत बेटहोव्हेनची सुमारें पाऊण तासाची, अत्यंत दुष्कर समजली जाणारी १०६ क्रमांकाची सोनाटा त्यानें वाजविली आणि वीस वर्षांच्या वयांत चीनच्या हाओचेन झांग याच्याबरोबर सुवर्णपदक वांटून घेतलें. वाद्यवृंदाच्या संचालकाची खूण त्याला दिसत नाहीं. तो संचालकाच्या आणि साथीदारांच्या श्वासावरून क्षण ओळखतो.

ही परदेशची कथा म्हणून दूर सारण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत विष्णु दिगंबर पलुसकर यांचें चरित्र याच वळणाचें आहे. कुरुंदवाड येथें १८७२ सालीं एका कीर्तनकाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. बालपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेच्या दारूनें त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, दृष्टि अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. तेव्हां मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली व ती १८९६ पर्यंत चालली. अपघातानें त्यांना गवई केलें नाहीं. अपघातानें फक्त एक दार लावलें. गवई केलें तें बुवांच्या तालमीनें. पुढें ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, स्वरलिपि आंखली, क्रमिक पुस्तकें काढलीं आणि सामान्य घरांतील मुलामुलींना संगीताचें दार उघडून दिलें. ज्यांची स्वत:ची दृष्टि अधू, त्यांनीं इतरांसाठीं संगीत वाचण्याजोगें केलें!

अंधशिक्षणाचीं साधनेंहि आतां परकीं राहिलेलीं नाहींत. मुंबईची व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ सालची आहे. भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल १९५१ सालीं ठरलें आणि मराठी त्यांतच लिहिली जाते. २०१६ च्या कायद्यानें ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तथापि पोलादपूरच्या डोंगरांतील एकाद्या वाडीवरून मुंबईची शाळा केवळ रस्त्यानेंच लांब नसते. आपलें आंधळें लेंकरूं परक्यांच्या हातीं कसें द्यावें, ही आईची धास्ती त्याहून लांबची असते. ती धास्ती खोटी नव्हे. परंतु तिच्यापायीं शिकण्याचीं कोवळीं वर्षें निघून जातात आणि तीं परत येत नाहींत.

म्हणून अशा मुलाच्या बाबतींत घरच्यांनीं आणि गांवानें तीन गोष्टी कराव्या. पहिली, त्याचीं बोटें धरून पेटीवरचे गट त्याला लहानपणींच ओळखवून द्यावे आणि प्रत्येक सुराचें नांव सांगावें. नुसती ऐकीव चाल वाजविली म्हणून थांबूं नये. दुसरी, संगीत हें अक्षरओळखीच्या ऐवजीं नव्हे, तर तिच्या जोडीला शिकवावें. ब्रेल आलें तरच पुढची विद्या त्याला स्वत:च्या हातानें मिळवितां येते. तिसरी, त्याची चूक दयेपोटीं झांकूं नये. बेसूर लागलें तर तें बेसूर आहे असें सांगणें, हाच त्याचा सन्मान होय. अंध मुलांपैकीं प्रत्येक जण संगीतकार होणार नाहीं, आणि तो व्हावा असा आग्रहहि नको. त्याला गणित आवडेल, कदाचित् कायदा आवडेल. पण ज्याला सुराची ओढ आहे त्याला कौतुकाआधीं शिक्षक मिळाला पाहिजे. कौतुक त्यानें पुढें स्वत:च्या मेहनतीनें मिळवावें.