नव्वद क्रेटचा ब्रेक

रात्री ११
ओतूरजवळच्या मळ्यातून गाडी भरून निघालो. टोमॅटोची ९० क्रेट. एका क्रेटमध्ये २० किलो माल, आणि रिकामं क्रेटच दीड-पावणेदोन किलोचं. ते कोणी हिशोबात धरत नाही. माझ्या पिकअपची कागदावरची क्षमता १३०० किलो, म्हणजे फार तर ६० क्रेट. वरची ३० मी गेली पाच वर्षं नेतोय, कारण हौद्यात ती मावतात. मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक जादा पाटा घालून घेतलाय, त्यामुळे भरल्यावरही गाडी बुड टेकत नाही. लोक विचारतात, रिकामी चाललीय का? मला ते ऐकायला बरं वाटायचं.

सोबत भाचा. बारावी सायन्स झालाय, पुढचं ठरेपर्यंत क्लीनर.

रात्री १२:२०
मढ मागे पडलं आणि माळशेजच्या तोंडाशी धुकं लागलं. आषाढात घाट असाच, बोनेटच्या पुढे पांढरी भिंत. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे मला माझ्या पहिल्या मालकाने शिकवलं. तिसरा टाकून बसलो होतो, पण पुढे एक कंटेनर रांगत होता. त्याच्यामागे दर वीस-तीस पावलांवर ब्रेक.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल दोन बोटं जास्त खाली गेलं. पुढच्या वळणावर चार बोटं. लोण्यात पाय घातल्यासारखं मऊ.

"मामा, काहीतरी जळतंय."

वास मलाही आला होता. गाडी दुसऱ्यात ओढली, इंजिन किंचाळलं, पेडल भराभर पंप केलं तेव्हा कुठे थोडा दाब आला. हँडब्रेक हळूहळू ओढत, कठड्याआधीच्या रुंद जागेत गाडी उभी राहिली. माझी पोटरी थरथरत होती. भाचा पाण्याचा कॅन घेऊन पुढच्या चाकाकडे निघाला, त्याला हाक मारून थांबवलं. तापल्या डिस्कवर गार पाणी ओतलं की ती वाकडी होते, नाहीतर तडकते.

२५ मिनिटं थांबलो. तेवढ्यात त्याने मोबाइलवर हिशोब मांडला: गाडी आणि माल मिळून साडेतीन टन, घाटाचा उतार सुमारे ५०० मीटर. उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. उत्तर आलं पावणेपाच युनिट. "मामा, हजार वॅटची शेगडी पावणेपाच तास चालली तर जेवढी उष्णता होईल ना, तेवढी आपण अर्ध्या तासात काढतोय." त्यातली काही इंजिन खातं, काही वारा. उरलेली चार चाकांत. मी काही बोललो नाही. चार चाकांत वाटली जाते हे मीही तोवर धरूनच चाललो होतो.

पहाटे ४
कल्याणची बाजार समिती. हमालांनी क्रेट उतरवली, आडतवाल्या शेठनी दोन फोडून बघितली, भाव निघाला. उशीर झाला म्हणून बोलणीही खाल्ली. चहाच्या टपरीवर घाटातली गोष्ट सांगितली तर प्रत्येकाकडे औषध. एक म्हणाला, पॅड चांगले टाका. दुसरा म्हणाला, आता मागेही डिस्क करून टाका भाऊ, ड्रमचा जमाना गेला.

सकाळी ७
मुरबाड रोडला एका गॅरेजवर खरंच विचारलं. मागच्या दोन्ही डिस्क, कॅलिपर, मोठा मास्टर सिलेंडर, मजुरीसकट ५०,००० रुपये. दोन दिवस गाडी उभी. "विमानासारखी थांबेल," म्हणाला. विमानाला थांबायला केवढी पट्टी लागते हे त्याला विचारायचं राहून गेलं.

सकाळी ११
घरी. बायकोने भाकरी वाढता वाढता एवढंच विचारलं, "अहो, पन्नास हजारांनी घाट सपाट होणारे का?" आणि हप्त्याची तारीख सांगितली. दोन तास झोप.

दुपारी १:३०
आळेफाट्याला आमचे मिस्त्री. त्यांनी ५०,००० चं ऐकून घेतलं आणि आधी चारही चाकं खोलायला लावली.

पुढची डिस्क निळसर झालेली, कढई जास्त तापल्यावर होते तशी. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. मग मागचा ड्रम काढला. आतले लायनर जवळजवळ नवे.

"हे कधी बदललेत?"
"दीड वर्ष झालं. चांगले टिकले."
"आणि पुढचे पॅड?"
"तेवढ्यात तीनदा."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मागचे लायनर टिकतात याचं मला कौतुक होतं. टिकत होते, कारण ते कामच करत नव्हते.

गाडीखाली शिरून त्यांनी टॉर्च धरला. चासीला एक छोटा व्हॉल्व्ह, त्यातून निघालेली काडी मागच्या एक्सलला जोडलेली. गाडी भरली की चासी खाली दबते, काडी हलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असेल तर तो दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. "आता तू पाटा घातलास. गाडी दबतच नाही. ९० क्रेट भरलीस तरी या बिचाऱ्याला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मागचा दाब कापतो. सगळा घाट तू पुढच्या दोन डिस्कवर उतरतोस."

लोक रिकामी म्हणतात याची मला ऐट. व्हॉल्व्हही तेच म्हणत होता.

मागे डिस्क बसवली असती तरी दाब याच व्हॉल्व्हमधून आला असता. शिवाय आताचा हँडब्रेक ड्रममध्ये आहे, त्याची वेगळी सोय लावावी लागली असती. गाडीला आठ वर्षं झालीत, आता पासिंग दर वर्षी; कागदावर नसलेला बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि काही झालंच तर विमावाले बोट दाखवायला मोकळे. मिस्त्रींना पन्नासातले निदान दहा सुटले असते. त्यांनी नको सांगितलं, म्हणून मी हे त्यांच्या बाजूने लिहितोय.

ब्रेक ऑइल काढलं तर चहाच्या रंगाचं. भाच्याने बाटलीवरचं वाचून दाखवलं: डॉट ३, नवं असताना उकळायला किमान २०५ अंश लागतात, हवेतलं पाणी पिऊन मुरलं की १४० ला उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल लोण्यात जातं. गाडी थंड झाली की सगळं परत ठीक. म्हणून तर माणूस फसतो. आम्ही डॉट ४ घातलं, त्याचे आकडे २३० आणि १५५.

पुढे नवे पॅड, नव्या डिस्क. मागे सिलेंडर साफ. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. भाचा पेडल दाबून धरायचा, मिस्त्री खालून "सोड" म्हणायचे. दोन्ही जादा पाटे काढले, व्हॉल्व्हची काडी मापात लावली. सगळं मिळून ९,४००. पाटे भंगारात घालू का, असं मिस्त्रींनी विचारलं. मी ते हौद्यात टाकायला सांगितले. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ६:३०
मळ्यात. मळेवाल्या तात्यांची ९० क्रेट बांधावर तयार. साठावं क्रेट चढलं आणि मी फाळका लावला.

"अरे, अजून तीस आहेत."
"आजपासून साठच, तात्या."
"काल कशी मावली?"

मावायचा प्रश्न नव्हता. पण त्यांच्यासमोर काडी आणि व्हॉल्व्ह कुठे काढत बसू? तीस क्रेटचं भाडं म्हणजे अर्धं डिझेल, हा हिशोब मी मनात तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदाही तेवढाच आला. तात्यांनी चिडून दुसऱ्या पिकअपवाल्याला फोन लावला. तो अर्ध्या तासात आला. त्याच्या हौद्यात आधीच साठेक क्रेट होती. आमची तीस वर चढली, तरी गाडी इंचभरही बसली नाही. मी वाकून मागे बघितलं. नवे पाटे, काळा रंगही अजून उडालेला नव्हता.

त्याला काडीचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, माझे लायनर दोन वर्षं टिकलेत.

रात्री ११
निघताना त्याने हॉर्न देऊन पुढे जायची खूण केली, मोठेपणाने मलाच आधी वाट दिली. मी गाडी बाजूला घेतली, खिडकीतून हात हलवून त्यालाच पुढे जायला सांगितलं. तो गेला. घाटात तो मागे नको होता.