कराटे क्लास काढताय? खर्चाच्या यादीत मुलांचे हात धरलेत का?



शहापूर, वासिंद, मुरबाड, सरळगाव या पट्ट्यातल्या तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, ब्लॅक बेल्ट आहे, गावात क्लास काढायचाय, भांडवल किती लागेल?" मग आपण हॉलचं भाडं, मॅट, पंचिंग पॅड, बॅनर असं सगळं लिहून काढतो. त्या यादीत एक ओळ कधीच नसते, आणि ती म्हणजे मुलांच्या हातांची काळजी. आज फक्त त्याच ओळीबद्दल बोलू. धंदा टिकणार की सहा महिन्यांत शटर खाली येणार, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

हात दुखावला तर नुकसान कुणाचं?

आपल्याकडे क्लासला येणारं गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. शाळेची मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारे, आणि एमआयडीसीत शिफ्ट करून संध्याकाळी येणारे तरुण. तिघांचंही पोट किंवा भविष्य हातावर आहे. दहावीच्या मुलाचा उजवा हात फेब्रुवारीत प्लास्टरमध्ये गेला तर पेपर कसा लिहिणार? पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीचे असतात. मनगट दुखावलेल्या पोराचे ते १५ गुण गेले, तर वर्षाची मेहनत पाण्यात.

आता तुमचा हिशोब. समजा महिना फी ४०० रुपये आहे. एक मुलगा हात सुजवून घरी गेला आणि आईने क्लास बंद केला. त्याच्यासोबत त्याची बहीण आणि शेजारचा मित्रही थांबला. तीन मुलं, दहा महिने, म्हणजे १२,००० रुपये गेले. वर बाजाराच्या दिवशी गावभर चर्चा होते ती वेगळीच.

हात "पक्का" होतो म्हणजे काय?

हे नीट समजून घ्या, कारण पालक विचारतात आणि उत्तर देता आलं पाहिजे. सराव केला की हाताची कातडी जाड होते, घट्टे पडतात. हाडही हळूहळू भार सोसायला शिकतं. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हा नियम मांडला होता. हाडावर जसा ताण पडतो, तसं हाड स्वतःला घडवतं.

पण गंमत इथेच आहे. कातडी काही आठवड्यांत जाड होते, हाडाला महिनोन् महिने लागतात. पोराला वाटतं, आता दुखत नाही म्हणजे हात तयार झाला. तो जोर वाढवतो, आणि आतलं हाड अजून कच्चंच असतं. चुकीच्या मुठीने मारलं की बहुतेक वेळा करंगळीच्या मुळाचं हाड मोडतं. मूठ अशी हवी की मार पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर यावा आणि मनगट सरळ राहावं.

लहान मुलांचा विषय आणखी नाजूक. हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो. तो साधारण १४ ते १८ या वयात भरून येतो. त्याला इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणून शाळकरी मुलांना भिंत, झाडाचं खोड, फरशी यांवर ठोसे मारायला लावूच नका. हवेतले ठोसे आणि मऊ पॅड त्यांना पुरे आहेत.

जुन्या लोकांनी काय केलं होतं?

कराटेत माकिवारा नावाची फळी असते. तिला भाताचा पेंढा गुंडाळलेला असतो आणि ठोसा बसला की ती मागे लवते. भिंत लवत नाही, हा फरक लक्षात घ्या. चिनी परंपरेत तळहात कडक करायचा सराव आहे, आणि त्याच्या जोडीला औषधी अर्क चोळायची पद्धतही आहे.

आपल्याच मातीत बघा. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद मिसळायची रीत आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग घासून सोलवटत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, तेव्हापासून गुरू-शिष्यांची ही साखळी चालत आलीय. कोणताही जाणता वस्ताद मेहनत आणि निगा वेगळी करत नाही. तुम्हीही फीमध्ये दोन्ही धरा.

क्लासमध्ये रोज काय करायचं?

सुरुवातीला दोन मिनिटं हात तपासा. नखं कापलेली हवीत. अंगठी, कडं काढून ठेवायचं. आवणीच्या दिवसांत तर हे सोडूच नका. दिवसभर चिखल-पाण्यात असलेली कातडी मऊ पडते आणि बॅगवर लगेच सोलवटते. त्या आठवड्यांत पायांचा आणि काताचा सराव जास्त घ्या. मुलं सुट्टीही कमी मारतील.

बॅग घरी बनवणार असाल तर वाळू भरू नका. वाळू खाली बसते आणि तळ दगडासारखा होतो. शिंप्याकडच्या चिंध्या भरा, स्वस्तही पडतं. मोठ्या मुलांनी बॅगवर मारताना हाताला पट्टी गुंडाळलीच पाहिजे. दोन सरावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

सराव संपल्यावर साबणाने हात धुणं, कोरडे करणं, मग खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. फोड आला तर तो फोडायचा नाही. कातडी सोलली तर धुऊन जंतुनाशक मलम आणि स्वच्छ पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय, हे प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहून घ्या.

सूज आली तर?

इथे आपल्याकडे एक सवय आहे, लगेच चोळायचं आणि शेकायचं. ताज्या माराला पहिले दोन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही टाळा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, हात उंच, आणि आराम.

खालचं काही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि थेट डॉक्टर:

- बोट वाकडं दिसतंय, किंवा मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढतंय
- बोटाला मुंग्या येतात, किंवा ते बधिर वाटतं
- अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबलं की दुखतं (इथला मोड पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही, म्हणून दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा)
- समोरच्याचा दात लागून गाठीवर जखम झालीय (दिसायला छोटी, पण आत जंतू जातात)

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. पण संध्याकाळी सातनंतर एक्स-रे कुठे निघतो, हे क्लास सुरू करण्याआधीच जाऊन विचारून या. डोळखांब किंवा टोकावड्यात क्लास असेल तर रात्री गाडी कुणाची मिळेल, तो नंबरही भिंतीवर लावा.

आणि हो, पालकांकडून संमतीपत्र जरूर घ्या. पण सही घेतली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं समजू नका.

रीलसाठी कौलं फोडायची का?

२६ जानेवारीला शाळेच्या मैदानात कौलं फोडली की टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी चार प्रवेश होतात. मोह मोठा आहे. तरी मुलांकडून हे करून घेऊ नका. तयार झालेल्या मोठ्या माणसाने, स्वतःच्या मर्जीने केलं तर ती वेगळी गोष्ट. मुलांचं प्रात्यक्षिक काता, बचावाचे डाव आणि उंच किक यांनीही रंगतं.

यात धंदा कुठे आहे?

आता दुकानदार म्हणून सांगतो. हाताला गुंडाळायची पट्टी म्हणजे साधारण साडेचार मीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद सुती कापड, एका टोकाला अंगठ्याची कडी, दुसऱ्याला वेलक्रो. ग्लोव्हज आणि पॅड मेरठ-जालंधरहून येतात, पण ही पट्टी आपल्या तालुक्यातला महिला बचत गट शिवू शकतो. आधी दहा जोड्या शिवून घ्या, महिनाभर वापरून, धुऊन बघा. कडी उसवली नाही तरच विकायला काढा.

तेलाचं मात्र जपून. "आजीचं खास तेल, सूज गायब" असं लेबल लावून बाटल्या विकायचा विचार असेल तर थांबा. विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो. घरच्या चुलीवर बनवून क्लासमध्ये विकणं त्यात बसत नाही. परवाना असलेल्या कंपनीचा माल ठेवा, बिल जपून ठेवा, आणि कंपनीने लेबलवर लिहिलंय त्यापलीकडे एकही दावा करू नका.

या आठवड्याचं काम

एक डबा घ्या. त्यात गॉझ, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, पेट्रोलियम जेली, साबण, नेलकटर आणि बोटाला आधार द्यायला दोन लाकडी पट्ट्या ठेवा. बर्फासाठी छोटा थर्मास. सोबत एक वही, कुणाला कधी काय लागलं, काय केलं, घरी कुणाला कळवलं. पालक चौकशीला आले की फी सांगण्याआधी हा डबा आणि वही त्यांच्यासमोर उघडा. आणि या डब्याचा खर्च तुमच्या भांडवलाच्या यादीत, हॉलच्या भाड्याच्या खालीच लिहा.