मार्कांपुरतं पर्यावरण, कागदावरचं मैदान

बारावीचा निकाल लागला की आमच्या नरडाण्याच्या बसथांब्यावर मुलींची गर्दी वाढते. कुणी शिंदखेड्याला निघालेली असते, कुणी तापी ओलांडून शिरपूरला, कुणी धुळ्याला. हातात फाइल, फाइलमध्ये दाखले आणि सोबत एखादा काका किंवा भाऊ. आई बहुधा नसते. ती घरी भाकरी टाकत असते, किंवा शेतात निंदणीला गेलेली असते. आणि मैत्रिणींनो, नेमकं त्याच दिवशी कॉलेजात एक फॉर्म भरला जातो, ज्यात आईनं लक्ष घालायला हवं.

मुख्य विषयांबद्दल मी बोलत नाही. मराठी घ्या, भूगोल घ्या, कॉमर्स घ्या, त्यावर घरात चर्चा होतेच. मी बोलतेय त्याखालच्या रकान्यांबद्दल. नवं शैक्षणिक धोरण आलं २०२० मध्ये. आपल्या राज्यातल्या बहुतेक संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात मूल्यशिक्षणाच्या गटात पर्यावरण आहे आणि सहशालेय उपक्रमांच्या गटात खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, नाचगाणी, चित्रकला असं बरंच काही आहे. या सगळ्याला आता ‘क्रेडिट’ आहेत, म्हणजे पदवीच्या हिशेबात ते मोजलं जातं. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिट घेतले तर ६० तास मुलीनं मैदानावर असायला हवं. ऐकायला किती छान वाटतं!

पर्यावरणाचा विषय तसा नवा नाही. आम्ही बी. ए. झालो तेव्हा तो नव्हता, पण आमच्या मागून आलेल्या सगळ्यांना होता. याची सुरुवात कोर्टातून झाली. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर १९९१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. पुढं बारा वर्षं गेली. २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा खडसावलं, तेव्हा कुठं विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम केला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. ते पेशानं सर्जन. आठ प्रकरणं, ५० तासिका. पेपर ७५ मार्कांचा आणि उरलेले २५ मार्क बाहेर जाऊन काम करण्याचे. ते कामही साधंच होतं: जवळची नदी, टेकडी किंवा कुरण पाहून लिहा; प्रदूषण झालेली एखादी जागा पाहा; आपल्याकडची झाडं, किडे, पक्षी ओळखा. त्याच अभ्यासक्रमात महिला व बालकल्याण हाही मुद्दा होता, हे किती जणींना माहीत आहे? चुलीचा धूर, पाण्यासाठीची पायपीट, सरपण हे सगळं त्यात बसतं. म्हणजे अर्धा अभ्यासक्रम आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे!

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. बचत गटाच्या कामानं घरोघरी जाते, मुली वह्या दाखवतात. एका मुलीचा पर्यावरणाचा प्रोजेक्ट पाहिला. गावाचं आणि कॉलेजचं नाव नको. विषय होता, ‘गंगा नदीचे प्रदूषण’. अक्षर सुंदर, चित्रं चिकटवलेली, कव्हर चढवलेलं. विचारलं, “गं, तू गंगा पाहिलीस?” हसली. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात म्हणे, तीस-चाळीस रुपयांत. फक्त नाव बदलायचं. मुलीला दोष देणार नाही मी. तिला कुणी सांगितलंच नाही, की तुझ्या गावामागून वाहणारा नाला हाही ‘पर्यावरण’ आहे.

आणि आपल्या भागात पाहण्यासारखं कमी आहे का? शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूजलशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, बंधारे बांधून पाणी जमिनीत मुरवण्याचं काम केलं. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं. त्यावर तज्ज्ञांमध्ये मतभेदही आहेत. उलट बरंच आहे! मुलींनी जाऊन विहिरी पाहाव्यात, शेतकऱ्यांना विचारावं आणि आपलं मत लिहावं. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत. पांझरा तापीला मिळते ते मुडावद आहे. आणि आमच्या नरडाण्याचं एमआयडीसी आहे. तिथं कोणत्या कारखान्यातून काय बाहेर पडतं, पाणी कुठून येतं, जातं कुठं, हे विचारायला मुलींनी का जाऊ नये?

बारीपाड्याबद्दल तर सगळ्या भगिनींनी वाचावंच. साक्री तालुक्यातला हा छोटा आदिवासी पाडा. उजाड झालेलं जंगल गावकऱ्यांनी स्वतः नियम करून राखलं आणि पुन्हा उभं केलं. या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला त्यातली सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे तिथली वनभाज्यांची स्पर्धा. पावसाळ्यात बायका रानातल्या भाज्या रांधून आणतात, नावं सांगतात, कशी शिजवायची ते सांगतात. तिथं परीक्षा घेणारे शहरातून येतात आणि शिकवणाऱ्या असतात ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही अशा बाया.

हेच मी आमच्या गटातल्या एका मुलीला सुचवलं होतं. तिनं प्रोजेक्ट केला आजीवर. आजीसोबत दोन सकाळी बांधाबांधानं फिरली. तांदुळजा, घोळ, चिवळ, टाकळा, कर्टुलं, अशी आजीनं एकेक भाजी दाखवली. कोणती कुठं उगवते, कोणती आता तणनाशकामुळं दिसत नाही, तेही सांगितलं. मुलीनं सगळं लिहून काढलं. मार्क इतरांएवढेच पडले, पण मॅडमनी तिला वर्गासमोर उभं केलं. आजी मात्र अजून विचारते, “त्या वहीमा मनं नाव शे ना?” (त्या वहीत माझं नाव आहे ना?) आहे! पहिल्याच पानावर.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणारी, शेतात राबणारी बाई. तिच्या नावाच्या पदवीवर झेरॉक्सचा प्रोजेक्ट शोभत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता खेळाकडं येते. इथं प्रश्न जास्त अवघड आहे, कारण इथं दोष कॉलेजचा कमी आणि आपला जास्त आहे. उपक्रमांच्या यादीतून मुली काय निवडतात? ज्याला मैदानात उतरावं लागत नाही ते. एकीला विचारलं तर म्हणाली, “ताई, खेळ सकाळी सातला किंवा चारनंतर असतो. चारनंतरची बस सुटली तर घरी सात वाजतात. पप्पा ओरडतात.” दुसरीची आई म्हणाली, “आते आंडेरनं लगन करनं शे, पयापयी करीसन काय करनं?” (आता मुलीचं लग्न करायचंय, पळापळी करून काय करायचं?) तिला मी काय सांगणार? तिच्या घरी पोरगी काळी पडेल ही काळजी, पाय मोडेल ही काळजी, आणि खेळाचे कपडे घालून गावातून चालत जाईल ही सगळ्यात मोठी काळजी.

पण बायांनो, आपण तर खेळतच मोठ्या झालो. आखाजीला माहेरी आल्यावर निंबाच्या झाडाला झोका बांधून कोण उंच जातं याची चढाओढ लावायचो. फुगडीत डोकं गरगरेपर्यंत फिरायचो. त्याला कुणी ‘स्पोर्ट्स’ म्हणत नव्हतं, पण विद्यापीठाच्या भाषेत मनोरंजनात्मक खेळ म्हणतात तो हाच की. जिंकायचं नाही, मेडल नाही, चार जणींनी मिळून घाम गाळायचा आणि हसायचं. लग्न झालं आणि ते थांबलं. आता कुणी म्हणतं, “घरकामात व्यायाम होतोच की.” मला हे पटत नाही. घरकाम हे काम आहे. त्यात कंबर मोडते, पण मन मोकळं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं शरीराला चांगली हालचाल द्यावी. आणि इकडं आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणून आधी पोटभर खाऊ घाला आणि मग खेळायला धाडा. मुलीच्या ताटात मुलाइतकी डाळ पडते का, हेही बघा.

आणि खेळून काय होतं म्हणणाऱ्यांना एवढंच दाखवा. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ज्या खेळाला आपण ‘शाळेतला खेळ’ म्हणून सोडून दिलं, तोच हा खेळ.

सगळ्याच मुली विश्वचषकाला जाणार नाहीत, जायची गरजही नाही. पण ६० तासांची हजेरी कागदावर लागते आणि मुलगी मैदानावर एक तासही नसते, हे मात्र काही कॉलेजांत सर्रास चालतं. पालकांनी विचारलं तर चालणार नाही. विचारायला आपण जातो का? पालक सभेला बाप जातो, आणि तो फीबद्दल विचारून परत येतो.

आमच्या भागातल्या एका गावात आम्ही काही जणींनी वेगळं करून पाहिलं. आधी सकाळी फिरायला हायवेच्या कडेनं जायचो, पण ट्रक एवढे की जीव मुठीत. मग ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत विषय काढला, की शाळेचं मैदान आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी दीड तास फक्त मुली आणि बायांसाठी ठेवा. पहिल्या सभेत हसू झालं. “आता सासवा लंगडी खेळणार का?” असं एकानं विचारलंच. एक साठीची मावशी उठली आणि म्हणाली, “हो, खेळणार. तू ये बघायला.” ठराव झाला.

आता तीन नाही, दोनच दिवस मिळालेत, मंगळवार आणि शुक्रवार. दिवा लावायचं काम राहिलंय, त्यामुळं थंडीत लवकर आवरावं लागतं. कॉलेजच्या पाच मुली येतात. त्यांचे तिथले तास कॉलेजनं खेळाच्या क्रेडिटमध्ये धरावेत असं पत्र आम्ही प्राचार्यांना दिलं आहे. उत्तर यायचं आहे. मावशी आली होती, लंगडी घातली, दम लागला म्हणून बसली, आणि पुढच्या शुक्रवारी सुनेला घेऊन आली.